पावसकर मॅडमचे देश

पावसकर मॅडम वर्गात आल्या की आधी बसायच्या. बाकीचे प्राध्यापक आल्या आल्या हजेरी घेत, फळा पुसत, निदान घसा तरी साफ करत. मॅडम खुर्ची ओढून बसत, पर्स टेबलावर ठेवत, ओढणीने मानेवरचा घाम टिपत आणि म्हणत, "जरा बसू दे रे. मग जगाचं बघू."

आमचं रत्नागिरीतलं कॉलेज चढावर होतं आणि खालच्या एसटी थांब्यापासून त्या चालत येत. पहिल्या वर्षी आम्हाला वाटायचं, चढामुळे दमतात. तिसऱ्या वर्षापर्यंत कळलं की चढाचा त्यात फारसा संबंध नव्हता. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने उंच, खांद्यातून किंचित वाकलेल्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कपाळावर कायम एक आठी, पण ती रागाची नव्हती. लांबचं काहीतरी वाचायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाच्या कपाळावर असते तशी.

त्या राज्यशास्त्र शिकवायच्या, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतील तेवढेच मोजायचे आणि दर जूनला पुन्हा नव्याने मुलाखत द्यायची. ज्या कॉलेजात त्या इतकी वर्षं शिकवत होत्या तिथेच दर वर्षी नव्या कपड्यात जाऊन, "आपला अध्यापनाचा अनुभव सांगा," या प्रश्नाला उत्तर द्यायचं. मुलाखत घेणाऱ्यांत एकदा त्यांचाच जुना विद्यार्थी होता. "त्याने फार अवघड विचारलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

नकाशा मात्र त्या बघण्यासारखा काढायच्या. हातात खडू घेऊन, मागे वळून न बघता, एका दमात. आधी जमीन काढायच्या नाहीत, किनारा काढायच्या. आफ्रिकेचं टोक, मग वर अरबस्तान, मग आखाताची चिंचोळी फट, मग आपली बाजू. "आपण किनाऱ्यावरची माणसं," म्हणायच्या, "आपल्याला पलीकडचा किनारा शेजारी वाटला पाहिजे. दिल्ली आपल्याला लांब, मस्कत जवळ." त्या स्वतः वेळणेश्वरच्या. घरी म्हातारी आई एकटी, म्हणून महिन्यातून एकदोनदा गावी जायच्या. दमल्या की त्यांच्या बोलण्यात गाव यायचं. एरवी 'सामरिक स्वायत्तता' वगैरे म्हणणाऱ्या मॅडम मग सरळ म्हणायच्या, "गप ऱ्हा बघू जरा. डोकं उठवलंनीत."

शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं झालं की ग्रंथालयामागच्या खोलीत त्या आम्हाला बसवायच्या. त्याला मंडळ नव्हतं, फलक नव्हता, प्रमाणपत्रही नव्हतं. आम्ही तिला 'शनिवारची बैठक' म्हणायचो. त्या आठवड्यात जगात जे घडलं असेल त्यावर बोलायचं. पण मॅडमची एक अट होती. जूनमध्ये चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला जो देश निघेल तो त्याने वर्षभर सांभाळायचा. त्या देशाची वर्तमानपत्रं मोबाईलवर वाचायची, तिथे भाव काय चाललाय, निवडणूक कधी आहे, पाऊस पडला का, सगळं माहीत ठेवायचं. आणि बैठकीत बोलताना 'ते' म्हणायचं नाही, 'आम्ही' म्हणायचं.

"भारताची चिठ्ठी कुठाय मॅडम?" पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं.

"भारताची चिठ्ठी नाही. आपल्या देशाची बाजू तुम्हाला झोपेतसुद्धा मांडता येते. दुसऱ्याची अडचण काय आहे ते मांडता येतं का बघू."

हा त्यांचा लाडका प्रश्न. श्रीलंकेत लोक पेट्रोलच्या रांगेत उभे असू देत, की कुणी कुणावर निर्बंध घातलेले असू देत, सगळ्यांचं तावातावाने बोलून झालं की त्या विचारायच्या, "बरं. पण त्याची अडचण काय आहे?" आणि आम्हाला परत पहिल्यापासून विचार करावा लागायचा.

माझ्या वाट्याला पोर्तुगाल आला होता. मी केळशीचा, रत्नागिरीत मावशीकडे राहून शिकणारा. मला पोर्तुगालबद्दल गोव्यापलीकडे काही माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "पगार हा शब्द तुझ्या देशाने आपल्याला दिलाय. माझा वेळेवर होत नाही. तुमच्या सरकारचं काय म्हणणं आहे?" मी उभा राहून म्हणालो, "आम्ही फक्त शब्द दिला, मॅडम." त्या दिवशी त्या पोटभर हसल्या. फार वेळा हसत नसत, म्हणून ते लक्षात राहिलं.

संकेत नावाचा माझा मित्र होता. त्याला अमेरिका हवी होती आणि मंगोलिया निघाला. तो महिनाभर रुसून होता. "मॅडम, ह्याला समुद्रच नाही. दोन बाजूंना दोन राक्षस. बोलायचं काय?"

"तुझं आजोळ कुठलं?"

"राजापूर. वरच्या अंगाला, घाटाकडे."

"तिथे ताजी मासळी कशी येते?"

"बाई येते ना, टेम्पोने. आठवड्यातनं दोनदा."

"आजी तिच्याशी भांडते का?"

"कशी भांडेल? ती यायचीच बंद झाली तर सुकटावर, सुक्या मासळीवर, दिवस काढायला लागतील."

"झालं तर," मॅडम म्हणाल्या. "मंगोलियाचं परराष्ट्र धोरण तुझ्या आजीला येतं. तू तिला विचारून ये."

संकेत खरोखरच पुढच्या रविवारी आजोळी जाऊन आला आणि नंतर असा बोलायला लागला की आम्ही त्याला कॉलेजभर मंगोलियाच म्हणायचो.

एका वर्षी आम्हाला कोल्हापूरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला नेलं होतं. विषय शेजारी देशाशी पाणीवाटपाचा होता आणि आमच्या वाट्याला शेजाऱ्याची बाजू आली. आम्ही सवयीप्रमाणे ती मन लावून मांडली: त्यांची शेतं कुठे आहेत, कुठल्या महिन्यात पाणी लागतं, धरणाचे दरवाजे कुणी न सांगता उघडले तर काय होतं. समोरच्या संघाने छातीवर हात मारून भाषण केलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. परीक्षक निकाल सांगताना म्हणाले, रत्नागिरीच्या मुलांची तयारी चांगली, पण देशाबद्दलची तळमळ दिसली नाही.

परतीच्या एसटीत संकेत आंबा घाटापर्यंत बोलत नव्हता. मग एकदम म्हणाला, "मॅडम, तुम्ही उठून सांगायला हवं होतं. बाजू त्यांनीच दिली होती ना आपल्याला?"

मॅडम खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "सांगून झालंय रे पूर्वी. दरवर्षी कोण सांगत बसणार." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही चांगलं बोललात. मला ऐकू आलं." साखरप्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी आम्हाला भजी घेऊन दिली आणि स्वतः गाडीतच झोपून राहिल्या.

आमच्या बैठकीत सगळ्यात चांगलं बोलायची ती प्रणाली तांडेल. मिरकरवाड्याची, काळीसावळी, बारीक, आवाज मात्र धक्क्यावरून होडीतल्या माणसाला हाक मारावी तसा. तिचे वडील जहाजावर कूक होते. पूर्वी घरची होडी होती. ती गेल्यावर ते परदेशी मालवाहू जहाजांवर जायला लागले. आठ-नऊ महिने बाहेर, मग दोन-तीन महिने घरी. प्रणालीला शेवटच्या वर्षी जूनमध्ये जो देश निघाला तो आखाताच्या तोंडाशी आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. देश म्हणजे त्याचं सरकार नव्हे, असं मॅडम नेहमी सांगायच्या, आणि पुढे जे सांगायचं आहे ते त्या सरकारच्या एका गस्तीनौकेपुरतं आहे.

गणपती नुकतेच गेले होते. प्रणाली दोन शनिवार आली नाही. फोन उचलत नव्हती. मग संकेतला धक्क्यावर कुणाकडून तरी कळलं, की तिचे वडील ज्या जहाजावर होते ते जहाज अडवून बंदराबाहेर उभं करून ठेवलंय. चोरीचं डिझेल वाहत होतं असा संशय. आणि ते ज्या देशाने अडवलं तो देश म्हणजे प्रणालीचाच.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या पेपर तपासत होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "घर माहितेय का तिचं? चला."

मिरकरवाड्यातली बोळातली खोली. बाहेर कुणीतरी जाळं विणत बसलं होतं, त्याने पाय ओढून घेऊन वाट दिली. प्रणालीची आई भिंतीला टेकून बसली होती, मोबाईल मांडीवर. प्रणाली आमच्याकडे बघून फक्त मान हलवून आत पाणी आणायला गेली.

"एक व्हाईस मेसेज आला त्यांचा," आई म्हणाली. "बोलले, आमी ठीक हाव, घाबरू नका. तेवढाच. त्याच्यावर फोनच लागत नाय. एजंट उचलत नाय. कंपनी दुबईची म्हनतात, मालक दुसऱ्याच देशातला, झेंडा तिसऱ्याचा. मानसं तेवडी आपली." मग ती सरळ होऊन बसली. "मॅडम, तुमी ह्यातलाच शिकवता ना? ही सांगते, तुमाला सगल्या देशांची माहिती हाय. मग करा ना तितं कुनाला तरी फोन."

मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, मला तिथलं कुणी ओळखत नाही. खरं सांगायचं तर इथलंही फारसं कुणी ओळखत नाही. मी वाचते आणि मुलांना सांगते, एवढंच."

"मग त्या शिकन्याचा उपेग काय?"

तिने हे टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून ते जास्त लागलं असावं.

"ते मलाही अजून नीट कळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण अर्ज लिहिता येतो. रांगेत उभं राहता येतं. ते उद्यापासून करू."

आणि त्यांनी ते केलं. तास संपला की प्रणालीच्या आईला घेऊन कधी जिल्हाधिकारी कार्यालय, कधी खासदारांचं संपर्क कार्यालय. मुंबईच्या जहाज खात्याच्या कचेरीत एकदा रात्रभर एसटीने जाऊन दुसऱ्या दिवशी परत. तिथल्या आपल्या दूतावासाचा नंबर लागायचा, आणि मग नुसतं संगीत वाजत राहायचं. स्टाफरूममध्ये मॅडम फोन स्पीकरवर ठेवून पेपर तपासत असत आणि ते संगीत वाजत असे. एक सर एकदा वैतागून म्हणाले, "बंद करा की ते, पावसकर." मॅडम म्हणाल्या, "बंद केलं तर पुन्हा शेवटून नंबर लागतो." पुढे मग कुणी काही म्हणालं नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी प्रणाली बैठकीला आली. नेहमीच्या बाकावर बसली. त्या आठवड्यात त्याच समुद्रात आणखी एक जहाज अडवल्याची बातमी होती आणि मुलं तापली होती. "नौदल पाठवायला पाहिजे." "किती दिवस ऐकून घ्यायचं?" "त्यांना एकच भाषा कळते." प्रणालीकडे बघून मुलांना आणखी जोर चढत होता. तिच्या वतीने रागवायचं, असं काहीतरी.

मॅडम उठल्या. "आज आपण दुसरा विषय घेऊ."

"नको, मॅडम," प्रणाली म्हणाली. "देश माझ्याकडे आहे. मी बोलते."

"प्रणाली, चिठ्ठी बदलून घे. संकेत घेईल."

"बदलायची नाही असं जूनमध्येच ठरलंय ना?"

ती उभी राहिली. बाकाच्या कडेला हात धरून बोलायला लागली, त्या मोठ्या आवाजात नाही, अगदी साध्या. आमच्यावर निर्बंध आहेत. आमचं तेल आम्हाला उघडपणे विकता येत नाही. आमच्याकडे डिझेल स्वस्त आहे, म्हणून ते चोरून बाहेर जातं, आणि ज्या छोट्या जहाजांतून जातं ती आम्ही अडवतो. आमचीही जहाजं दुसऱ्यांनी अडवली आहेत. आमच्या औषधांच्या दुकानात औषधं नाहीत. गस्तीवर असतात ती मुलं सक्तीच्या नोकरीवरची, आमच्या वयाची. त्यांना वरून हुकूम येतो.

"जहाजावर जी माणसं सापडली," ती म्हणाली, "त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण त्यांना सोडलं तर आम्ही धाक कसला दाखवणार? म्हणून आम्ही त्यांना ठेवून घेतलंय. त्यातला जो कूक आहे त्याचं नाव आमच्या कागदावर चुकीचं लिहिलंय. तांडेलचं टंडेल केलंय. ते दुरुस्त करायला त्याच्या घरून अर्ज आलाय. तो अजून आम्ही वाचलेला नाही."

"पुरे गो," मॅडम म्हणाल्या.

"अजून अडचण सांगून झाली नाही, मॅडम."

मॅडम व्हरांड्यात निघून गेल्या. प्रणालीने शेवटपर्यंत सगळं सांगितलं आणि खाली बसली. नौदल पाठवणारी मुलं खिडकीबाहेर बघत होती.

मी पाणी घेऊन व्हरांड्यात गेलो. मॅडम कठड्याला टेकून उभ्या होत्या. खाली झाडांच्या पलीकडे समुद्राची एक पट्टी दिसायची. त्यांनी पाणी घेतलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या पोरीला कुणावर तरी रागवायची गरज होती रे. एवढं झाल्यावर माणसाला तेवढा तरी हक्क असतो. मी तिला त्याचीही जागा ठेवली नाही. दोन वर्षं त्याची अडचण, त्याची अडचण करत बसले आणि तिची अडचण कोण विचारणार?"

पेला कठड्यावर ठेवून मी आत आलो.

शिमग्याच्या आधी प्रणालीचे वडील सुटले. कसे सुटले ते नीट कुणालाच कळलं नाही. मालकाने दंड भरला म्हणे. कुणी म्हणालं, सरकारी पातळीवर बोलणं झालं. मॅडमच्या अर्जांपैकी एखाद्याचा त्यात हात होता का, हे शोधून काढायचा मार्ग नव्हता आणि मॅडमनी तो प्रयत्नही केला नाही. "आले ना घरी? झालं," म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी ते प्रणालीबरोबर बैठकीच्या खोलीत आले. बायकोने पाठवलं होतं, मॅडमना भेटून या म्हणून. शर्ट अंगावर दुसऱ्याचा असल्यासारखा ढगळ झाला होता. दाराबाहेर चपला काढून आत आले, मॅडमना हात जोडले. आमच्यातल्या काहींनी त्यांना विचारायला प्रश्न काढून ठेवले होते. मॅडमनी आधीच बजावलं होतं की काही विचारायचं नाही, चहा द्यायचा.

चहा आला. संकेतला गप्पपणा सहन होईना. अगदी चांगल्या मनाने तो म्हणाला, "काका, तुम्ही तिथे होतात तेव्हा प्रणाली काय बोलली होती माहितेय? त्यांची बाजू अशी मांडली की आम्ही सगळे गार."

काकांनी कप खाली ठेवला. "कोनाची बाजू?"

संकेतला आपलं काय चुकलं ते तेव्हा कळलं. काकांनी मुलीकडे बघितलं. "म्हंजे मी आत होतो, आन् तू हितं त्यांची वकिली करत होतीस?"

मॅडम पुढे झाल्या. "तिचा दोष नाही. हा माझा नियम आहे. देश मी वाटून देते, मुलं त्याप्रमाणे बोलतात."

"नाही, बाबा," प्रणाली म्हणाली. "मॅडम नको म्हणत होत्या. मीच बोलले." "तुमचा फोन येत नव्हता. आई नुसती भिंतीकडे बघत बसायची. सगळे येऊन सांगायचे, ते लोक राक्षस आहेत, काहीपण करतील. मग मला झोपच यायची नाही. राक्षस असले तर तुम्ही परत कसे येणार? म्हणून मी शोधत बसायचे, त्यांना काय पाहिजे, कशाला भितात, कुणाचं ऐकतात. मला ते लोक माणसं असायला हवे होते."

काकांनी कप पुन्हा उचलला. मग हळू म्हणाले, "मानसंच होते ते. आमच्यासारखीच. म्हनून तर जास्त राग येतो."

त्यांनी चहा संपवला, मॅडमना पुन्हा हात जोडले आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. प्रणाली त्यांच्या मागोमाग गेली. खिडकीतून दिसलं, उतारावर तिने वडिलांचा हात धरला होता आणि त्यांनी तो सोडवून घेतला नव्हता.

त्या दिवशी बैठक झाली नाही. मॅडम खुर्चीत बसून राहिल्या आणि आम्ही एकेक करून निघालो. निघताना त्यांनी मला थांबवलं. "त्या दोघांचंही बरोबर आहे ना रे?" मी हो म्हणालो. "मग माझ्याकडे आता शिकवायला फारसं काही नाही," त्या म्हणाल्या. त्यात निराशा नव्हती. दिवसभराचं काम उरकलं की बाईमाणूस जसं म्हणतं, तसं म्हणाल्या.

आम्ही बाहेर पडलो त्याच्या पुढच्या वर्षी राज्यशास्त्राला तिसऱ्या वर्षासाठी पुरेशी मुलं मिळाली नाहीत. विषय बंद झाला. जूनमध्ये मॅडमना मुलाखतीचं बोलावणंच आलं नाही. निरोप समारंभ नव्हता, कारण ज्याची नेमणूक दर वर्षी संपते त्याला निरोप कधी द्यायचा हे कुणालाच माहीत नसतं. ग्रंथालयामागच्या खोलीत आता परीक्षेचं सामान ठेवतात. मी स्पर्धा परीक्षा दिल्या, मग सोडल्या, आणि एका विमा कार्यालयात लागलो. संकेत पुण्याला गेला.

यंदा पावसाळा संपता संपता कामासाठी गुहागरकडे निघालो होतो. जयगडच्या फेरीबोटीत मोटरसायकल चढवली आणि वरच्या मजल्यावर गेलो, तर बाकावर पावसकर मॅडम बसलेल्या. केस बरेच पांढरे झालेले. पायाशी दोन मोठ्या पिशव्या, एकीतून आईसाठी घेतलेल्या मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट डोकावत होतं.

त्यांनी मला लगेच ओळखलं. "पोर्तुगाल," म्हणाल्या, आणि बाकावर सरकून जागा केली.

आई आता अंथरुणावरच होती. मॅडम कायमच्या गावी राहायला गेल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेत होत्या, गणितासकट. "गणित मलाच आधी शिकायला लागतं," म्हणाल्या. मग विचारलं, "प्रणाली कुठाय?"

"बेलापूरला, नोकरीला आहे. वडील परत जहाजावर गेले."

"गेले परत?"

"वर्षभर इथे बघितलं. काही जमलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि पाण्याकडे बघत राहिल्या.

कठड्याशी दोन कॉलेजची मुलं मोबाईलवर काहीतरी वाचत जोरजोरात वाद घालत होती. अमेरिकेने आपल्या मालावर कर वाढवला त्याबद्दल. एक म्हणत होता, आपणही त्यांच्या मालावर वाढवावा. दुसरा म्हणत होता, मग इथल्या कोळंबीच्या कारखान्यात सोलायला बसतात त्या बायकांचं काय होणार ते आधी सांग. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या.

"बरं बोलतायत," त्या म्हणाल्या. "आवाज चढा आहे, पण वाचलेलं दिसतंय."

"जा ना मॅडम, बोला त्यांच्याशी."

"नको. त्यांचं चाललंय ते चालू दे." मग थोड्या वेळाने, "मला आता नुसतं ऐकायला बरं वाटतं. मत विचारलं तर दमायला होतं."

त्यातला एक मुलगा आमच्याकडे आला. "काकू, जरा सरकता का? मागची खाडी फोटोत घ्यायचीय." मॅडम उठल्या, पिशव्या उचलून दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मी पिशवी धरायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. सवय आहे."

तवसाळचा धक्का आला. बोटीचा लोखंडी दरवाजा खडखडत खाली पडला. मी खाली जाऊन मोटरसायकल सुरू केली. आधी पायी माणसं उतरत होती, त्यांच्या मागे गाड्यांची रांग. मॅडम सगळ्यात शेवटी होत्या. ओल्या लोखंडावरून जपून पाय टाकत, मधूनच थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मॅडम थांबल्या नाहीत, घाईही केली नाही. दोन्ही पिशव्या एका हातात घेऊन दुसरा हात त्यांनी मागे न बघता वर उचलला, तळवा आमच्याकडे करून, आणि तसाच धरून चालत राहिल्या. हॉर्न थांबले. त्या धक्क्यावर पोचेपर्यंत आम्ही सगळे गाड्या सुरू ठेवून उभे होतो.